कंटाळा यायच्या आधी

लाइव्ह बसून गेम खेळायचा आणि तो लोकांनी बघायचा, तर त्यासाठी काय काय लागतं, हे हल्ली मला कुणीही विचारतं. परवा भाजीबाजारात एका पोरीनं मेथीची जुडी हातात तशीच धरून विचारलं, "ताई, एकदोन टिपा द्या ना!" म्हटलं, आधी ती जुडी तरी खाली ठेव बाई.

तर ऐका. उजेड तोंडावर पडला पाहिजे, पाठीमागून नाही. नाहीतर तुम्ही बोलताय की तुमचं भूत, ते कळत नाही. पंखा बंद करायचा. उकडलं तर उकडू दे, पण त्याची घरघर माइकमध्ये शिरली की लोकांना वाटतं गिरणी चालू आहे. कुकर आधीच उतरवून ठेवायचा. रोज ठरल्या वेळेलाच बसायचं, कारण बघणारे रतीबाच्या गिऱ्हाइकासारखे असतात, दोन दिवस दूध उशिरा आलं की दुसरीकडे रतीब लावतात. जो येईल त्याला नाव घेऊन 'या, बसा' म्हणायचं. हरलात तर चिडायचं नाही. अगदीच राहवत नसेल तर शिव्या न देता चिडायचं, मी बालवाडीत तीस वर्षं तशीच चिडले आहे.

इथवर सगळं सोपं आहे. यापुढची जी गोष्ट मला सांगायची असते ती टिपेत मावत नाही. ती सांगायची तर गोचिडापासून सुरुवात करावी लागते.

मी हेमांगी खैरनार, सटाण्याची. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, तो विषय वेगळा आहे आणि लांबलचक आहे. बालवाडीतली नोकरी संपल्यावर मी भावाकडे राहायला आले. भाऊ संदेश विजेच्या बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक. त्याची बायको केतकी, माझ्याहून सोळा वर्षांनी लहान, हुशार, तुरूतुरू चालणारी आणि गेमवेडी. दुपारची कामं आटोपली की ती कानाला हेडफोन लावून बसायची. मी एकदा सहज मागं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अगं, तो बाण उलटा धरलायस का?" त्या दिवसापासून आमचं दोघींचं दुकान सुरू झालं. चॅनेलचं नाव 'नणंद-भावजय'.

आमचा गेम 'भुयार'. दोन खेळाडू लागतात. एकीनं दिवटी धरायची, दुसरीनं खणायचं. मध्येमध्ये साप, वटवाघळं, पाण्याचे लोंढे. पण दोन संकटांच्या मधली वाट फार लांब. तिथं नुसतं चालायचं. केतकी म्हणायची, "ताई, इथं गप्प राहिलो तर लोक पळतील, काहीतरी बोला." मला कुणी 'बोला' म्हणावं! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी सुरू व्हायचे. ताहाराबादच्या यात्रेत पाळणा अडकला तेव्हा वर कोण होतं, आमच्या बालवाडीत एका पोरानं नाकात चिंचोका घातला तो कसा काढला, असलं काय काय. बघणारे हळूहळू वाढत होते आणि आम्ही मजेत होतो.

मग केतकीनं कानामागं एक यंत्र चिकटवलं.

त्याचं विज्ञान तिनं मला समजावलं ते असं. कंटाळा आधी येतो तो डोळ्यांना. मन कशावर खिळलं की पापण्या कमी मिटतात, बाहुली जराशी मोठी होते, नजर एका जागी ठरते. मन सुटायला लागलं की पापण्यांची उघडझाप वाढते आणि नजर कडेला घसरते. गंमत अशी की 'छे, कंटाळा आला' हे माणसाला स्वतःला कळायच्या सहासात सेकंद आधीच हे सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणजे मन निघून जातं आणि माणूस बसलेला राहतो.

आता हल्लीच्या फोनचा पुढचा कॅमेरा तसाही आपले डोळे बघतच असतो. आपण बघत नसलो की पडदा काळा करतो, बॅटरी वाचवतो. मुंबईच्या एका कंपनीनं त्याच कॅमेऱ्याला आणखी एक काम लावलं. बघणाऱ्यांची परवानगी घ्यायची, चेहरा कुठंही पाठवायचा नाही, फक्त नजरेचा आणि पापण्यांचा हिशेब पाठवायचा. हजारो जणांच्या हिशेबाची सरासरी काढायची आणि लोकांना कंटाळा येऊ घातला, की खेळणाऱ्याच्या कानामागं बारीकशी गुदगुली करायची. मग खेळणारा विषय बदलतो आणि कंटाळा यायच्या आधीच परत जातो. यंत्र चिंचोक्याएवढं, मऊ, करड्या रंगाचं. कंपनी त्याला 'चाहूल' म्हणते. मी पहिल्या दिवसापासून गोचीड म्हणते.

गोचिडानं काम केलं, हे मी नाकारत नाही. गुदगुली झाली की केतकी लगेच धावायला लागायची, ओरडायची, कुणाचंतरी नाव घेऊन चिडवायची. महिन्याभरात बघणारे तिप्पट झाले. तिला डोळ्यात बोट घालून कुणी 'आता थांब, आता पळ' सांगत असल्यासारखी ती तरबेज झाली. मीच कौतुकानं पेढे आणले.

मग कंपनीनं त्याच्या जोडीला चष्मा पाठवला. समोर बसलेल्या माणसाचे डोळेसुद्धा तो वाचायचा आणि कानामागं निरोप द्यायचा. केतकी तो घरातही काढेना. संदेश बिचारा जेवताना डेपोतल्या गोष्टी ऐकवायचा, आणि बायकोचं ऐकायची वेळ आली की डोळे वटारून बसायचा. पापणी म्हणून हलवायचा नाही.

"अरे, डोळ्यात पाणी आलंय तुझ्या," मी म्हटलं.

"गप ना ताई," तो ओठ न हलवता म्हणाला. "पापणी मिटली तर तिला वाटतं मला कंटाळा आला, आणि खरंच आलेला असतो ना!"

मला हसू आवरेना. तोवर मला वाटत होतं, हे सगळं संदेशचं दुखणं आहे, माझा काय संबंध?

एका दुपारी आम्ही भुयारातल्या लांब वाटेवर होतो आणि मी नामपूरच्या लग्नाची गोष्ट सांगत होते. एकाच दिवशी गावात दोन लग्नं. दोन्हीकडचे घोडे एकाच मालकाचे, दोन्हीकडचा बँड एकाच मालकाचा. वळणावर दोन्ही वराती समोरासमोर आल्या, गर्दीत घोडे भेलकांडले आणि एका नवरदेवाचा घोडा त्याला घेऊन थेट दुसऱ्याच मांडवात जाऊन उभा राहिला. मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. तिथल्या सासूनं ओवाळलं, पाय धुतले, पाटावर उभं केलं. मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला, नवरीनं मान वर केली आणि...

"ताई, वटवाघूळ!" केतकी किंचाळली. "डावीकडे!"

मी दिवटी डावीकडे फिरवली. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडेही नव्हतं. केतकी पळत सुटली होती आणि लोकांशी दुसरंच बोलायला लागली होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी बोलायला लागले की गोचीड गुदगुल्या करतं.

त्यानंतर मोजायचं नाही म्हटलं तरी माझ्या लक्षात यायला लागलं. मी तोंड उघडलं की वटवाघूळ. मी 'आमच्या बालवाडीत' म्हटलं की पाण्याचा लोंढा. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते असं. मला वाईट वाटलं. उगाच मोठेपणा करून 'छे, मला काही नाही' असं म्हणणार नाही. खूप वाईट वाटलं. आयुष्यभर पोरं माझ्याभोवती बसत आली, आणि आता मी बोलायला लागले की हजारो लोकांचे डोळे घसरतात, हे एका चिंचोक्यानं मला सांगावं?

त्यातच कंपनीची स्पर्धा आली. दहा चॅनेल निवडलेले. एक तास लाइव्ह खेळायचं, लोकांचं लक्ष किती टिकतं त्याची रेघ पडद्याच्या कडेला सगळ्यांना दिसणार, आणि ज्याची रेघ सगळ्यात वर त्यानं मनात योजलेला गेम कंपनी बनवून देणार. केतकीनं असा गेम लग्नाआधीपासून मनात रचून ठेवलेला होता. कॉलेजात असल्यापासून तिला तेवढंच हवं होतं. मला ते ठाऊक होतं.

ती दोन दिवस माझ्यापुढं घुटमळत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "स्पर्धेला तू एकटीच बस. माझी मान दुखते."

"ताई, तसं काही नाही..."

"तसंच आहे. दिवटी कॉम्प्युटरला धरू दे. त्याला गोष्टी येत नाहीत."

तिनं 'नाही, तुम्ही बसाच' असं एकदा तरी म्हणावं, असं मला वाटत होतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी घरात थांबलेच नाही. शेजारच्या शैला भामरेच्या गच्चीवर कुरडया घालायला गेले. मी आणि आणखी पाचजणी होतो. पातेल्यात गव्हाचा चीक रटरटत होता, एक ढवळत होती, एक सोऱ्या भरत होती, आम्ही बाकीच्या कपड्यावर कुरडया पाडत होतो. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिकट. पाण्याच्या हंड्याला टेकवून शैलाचा फोन उभा केलेला होता. त्यातून कुणीतरी ठसक्यात बोलत होतं. मी म्हटलं, कोण ही बाई, किती बोलते! ती मीच होते. पाळण्याची गोष्ट चालली होती.

"अगं, हे काय लावलंयस?"

"तुमचंच की," शैला म्हणाली. "जुने भाग. कुरडया घालताना बरं पडतं."

मी फोनकडे बघितलं. पडदा काळाठिक्कर. कुणी बघतच नव्हतं, तर पडदा तरी कशाला उघडा राहील? पाचीजणींचे डोळे कुरडयांवर होते.

"शैला, तू रोज चारला लाइव्ह बघतेस ना?"

"लावते ना! बघायला कुठं वेळ आहे? चारला मी शिलाई मशीनवर असते. मान वर केली तर सुईखाली बोट जाईल. तुमची भावजय बोलत असली की ती धावाधाव, आरडाओरड, तेवढं मशीन थांबवून बघावं लागतं. तुम्ही लागलात की बघायचं काही नसतं, मग मी शिवते आणि ऐकते."

"मी भाजी निवडते," दुसरी म्हणाली.

"आमचे मामंजी डोळे मिटून घेतात," तिसरी म्हणाली. "मला म्हणतात, आवाज वाढव, बाई बोलायला लागली. आणि काय हो हेमांगीताई, त्या नवरदेवाचं पुढं काय झालं? अंतरपाट दूर झाला आणि तुमच्या केतकीनं मेलं वटवाघूळ आणलं! आम्ही चार दिवस तेच बोलत होतो."

"मग लिहायचं ना तिथं खाली, पुढं काय झालं म्हणून!"

पाचीजणींनी चिकानं माखलेले हात वर करून दाखवले. माझा सोऱ्या हातातच राहिला. डोळे पडद्यावर नाहीत, बोटं पडद्यावर नाहीत. गोचिडाच्या हिशेबी या सगळ्या मला कंटाळून केव्हाच उठून गेलेल्या बायका होत्या.

मी अर्ध्या कुरडया टाकून घरी आले. हातसुद्धा नीट धुतले नव्हते. केतकीला सगळं सांगितलं, जरा जोरातच सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, शैलावहिनी आपल्या शेजारी आहेत. त्या तुम्हाला तोंडावर कंटाळवाण्या म्हणतील का? आणि गच्चीवर होत्या किती? पाच?"

"पाचच होत्या. मी कशाला पन्नास सांगू?"

"मग? यंत्र हजारोंचं बघतं."

"यंत्र डोळे बघतं! कान बघतं का?"

"आज स्पर्धा आहे, ताई. आज नको."

मला एकदम रडू आलं. नेमकं विचारायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते तोंडातून निघून गेलं. "लोकांचं जाऊ दे गं. तुला येतो का माझा कंटाळा?"

केतकीनं तोंड उघडलं. आणि तिचा हात कानामागं गेला. खरं सांगते, तिला माझा कंटाळा येतो की नाही, हे ती गोचिडाला विचारत होती! तिचं तिलाही ते कळलं. हात तसाच राहिला आणि ती लालबुंद झाली. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

चार वाजता स्पर्धा सुरू झाली. मी आतल्या आत ठरवलं होतं, बघायचं नाही. भिंतीकडे तोंड करून शेंगा फोडत बसले. पण कान कुठं ठेवणार? केतकी जोरात होती. साप मारला, लोंढा चुकवला, कुणा लातूरच्या मुलाला चिडवलं, अमरावतीच्या मुलीला शाबासकी दिली. एकही विषय दोन श्वासांच्या वर टिकत नव्हता. तिला दम लागलेला मला ऐकू येत होता. संदेश डेपोतून लवकर सुटून आला होता. तो आत येऊन कुजबुजला, "ताई, पहिली आहे ती! रेघ एकदम वर आहे."

"देव पावला," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. शेंगा मात्र फारच जोरात फुटत होत्या.

मग ती लांब वाट आली. मला पावलांच्या आवाजावरून कळलं. केतकी काहीतरी बोलली, मग दुसरं काहीतरी बोलली, मग गप्प झाली. गेम खेळताना ती गप्प झालेली मी कधी ऐकलीच नव्हती. मला वाटलं, इंटरनेट गेलं.

"मंडळी," ती म्हणाली, "इथं माझ्या नणंदबाई बोलायच्या. मला कानामागं कळायचं की तुम्हाला कंटाळा येतोय, म्हणून मी त्यांना तोडायचे. आज सकाळी त्यांनी मला विचारलं, तुला कंटाळा येतो का. मला सांगताच आलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते ऐकता ऐकता मला काय वाटतं ते मी विचारायचंच सोडून दिलं. आता एवढी वाट चालतेय तर एकच गोष्ट डोक्यात येतेय." आणि मग तिनं हाक मारली, "ताई! नवरीनं मान वर केल्यावर काय झालं?"

संदेश माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "स्पर्धा चालू आहे, वेडी की काय ही?" पण उठले. टरफलं मांडीवरून सांडली तशीच गेले.

पडद्याच्या कडेला ती रेघ होती, हिरवी, उंच. माझी खुर्ची केतकीनं आधीच बाजूला ओढून ठेवली होती. मी बसले. माइक बघून मला उगाच खाकरावंसं वाटलं.

"सांगा ना!"

"अगं, ती नवरी," मी म्हटलं, "ती म्हणाली, अगंबाई, हे कोण?"

रेघ लगेच खाली घसरायला लागली. गुदगुलीनं केतकीच्या मानेला झटका बसला, मग पुन्हा बसला. तिनं कानामागं हात घातला, गोचीड ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. चष्माही ठेवला.

"मग?"

"मग काय! सासू किंचाळली, भटजी म्हणाले मुहूर्त टळतोय, मुलीच्या मामानं नवरदेवाची गचांडी धरली. म्हणाला, 'बोलला का नाहीस रे तू?' तर तो पोरगा रडकुंडीला येऊन म्हणतो, 'घोड्यावरून उतरल्यापासून सांगतोय हो मामा! तुम्ही सगळे माझा फेटा बघताय, माझे बूट बघताय, फोटो काढताय. माझं ऐकतंय कोण?'"

संदेश दारात उभ्याउभ्या फस्सकन हसला. मी बोलत राहिले. तिकडच्या मांडवात दुसरा नवरदेव कसा पोचला होता, तिथं तर कुणाच्या काही लक्षातच आलं नव्हतं आणि गडी निवांत सरबत पीत बसला होता, मग दोघांना परत घोड्यांवर घालून गाव कसं पळत सुटलं, सगळं सांगितलं. रेघ तळाला जाऊन पोचली होती. बघणाऱ्यांचा आकडा मात्र होता तिथंच होता, एकही माणूस उठून गेलेला नव्हता. हजारो फोन चालू आणि हजारो पडदे काळे. कंपनीला ते काय आहे हे कळायला पुढं वर्ष लागलं, आणि ती स्पर्धा एका जळगावच्या मुलानं जिंकली. चांगला खेळतो तो.

पण हे पुढचं. त्या क्षणी मला पडद्यावर अंधार दिसला. दिवटी विझली होती, खणणारी खाली पडली होती आणि तिच्यावर एक खरंखुरं वटवाघूळ बसलं होतं.

"केतकी," मी घाबरून म्हटलं, "अगं, बघ तिकडे. आपण मेलो!"

तिनं तिकडे बघितलंच नाही. तिनं खुर्ची केव्हाच माझ्याकडे फिरवली होती, पाय वर घेऊन बसली होती आणि हनुवटी गुडघ्यावर टेकली होती.

"मरू दे हो ताई," ती म्हणाली. "मग घोड्यांचं काय झालं?"